टीमची वेबसाइट स्वतः बांधली, त्याला नऊ महिने झाले

आधीच सांगते, मी वेबवाली नाही. आमच्या कॉलेजच्या रोबोकॉन (कॉलेजांची रोबोट स्पर्धा) टीममध्ये माझं काम वायरिंगचं: क्रिम्पिंग करणं, मोटर ड्रायव्हर बसवणं, जळकट वास कुठून येतोय ते हुंगत फिरणं. गेल्या दिवाळीनंतरच्या मीटिंगला मी वीस मिनिटं उशिरा पोहोचले, तोवर वेबसाइट माझ्या नावावर चढली होती.

जुनी साइट होती, पण असून नसल्यासारखी. एका फुकट ड्रॅग अँड ड्रॉपवाल्या सेवेवर कुण्या सीनियरने एका रात्रीत उभी केलेली. खाली त्या सेवेची जाहिरात, आणि पासवर्ड त्या दादाच्या खासगी ईमेलवर. दादा नोकरीला बेंगळुरूला, ओटीपी जायचा तो त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. दोन बॅचेस पास होऊन गेल्या तरी पानावर तेच बारा चेहरे हसत होते.

म्हणून नवी साइट जेकिल नावाच्या प्रोग्रामवर बांधली आणि गिटहब पेजेस या फुकट सेवेवर ठेवली. मजकूर साध्या मार्कडाउन फाइलींत लिहायचा, जेकिल त्याची पानं करून देतं. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नाही. साइट १ जीबीच्या आत ठेवायची आणि महिन्याला १०० जीबीपर्यंत डेटा गेला तर चालतो. एवढा आमचा कधी जाणार नाही. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा. रंग आणि लोगोवर दोन आठवडे भांडण झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता खरा अनुभव.

पहिल्या पानावर आम्ही फिरणारा थ्रीडी रोबोट लावला होता. कॅडमधून (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून) काढलेलं मॉडेल, बोटाने फिरवता येणारं, एकूण एक स्क्रू जागेवर. फाइल ३१ एमबीची. ब्राउझरमधून गिटहबवर २५ एमबीच्या वरची फाइल चढत नाही, म्हणून कमांड लाइनवरून ढकलली आणि त्याचाही अभिमान वाटला. लॅबच्या वायफायवर काय दिसायचं ते! मग जानेवारीत नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमच्या लेझर कटिंगवाल्या काकाजींकडे गेलो. बेसच्या ॲल्युमिनियम प्लेटा ते फुकटात कापून देतात. मी ऐटीत म्हटलं, "काकाजी, साइट उघडून पाहा ना." पत्र्याच्या शेडमध्ये रेंज एक कांडी. ते मोबाइल हातात धरून उभे, मागे मशीन सूं सूं करतंय. दोन मिनिटांनी म्हणाले, "बाई, हे तं गोल गोल फिरूनच राह्यलं. मशीन कोठी आहे?"

फिरत होतं ते लोडिंगचं चक्र.

त्याच रात्री मॉडेल काढलं. (नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त ओरड याच बदलावर झाली. कॅडवाले दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते.) त्याजागी रोबोटचा बाजूने काढलेला एक फोटो, शेजारी फूटपट्टी, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये दाबून १४० केबी. पुढच्या खेपेला काकाजींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कडेला बोट ठेवलं. "ह्या आपल्याच प्लेटा आहेत ना?" होत्या.

माहितीचं पानही त्यांच्यामुळेच बदललं. आधी तिथे "आम्ही ध्येयवेड्या तरुणांचा समूह" वगैरे भरताड होतं. काकाजींनी वाचून विचारलं, "पण करता काय तुम्ही?" आता पहिल्याच ओळीत आहे की एबीयू (आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटना) रोबोकॉनचा खेळ दरवर्षी यजमान देश ठरवतो, २००८ साली स्पर्धा पुण्यात होती तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता, २०२५ साली मंगोलियात उलानबातरला रोबोट बास्केटबॉल खेळले. दहीहंडी म्हटल्यावर पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

हे पान मराठीत ठेवायचं ठरलं तेव्हा वेगळीच गंमत झाली. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून आम्ही अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलं होतं. तेच मराठीला लागू झालं आणि प्रत्येक शिरोरेघेचे तुकडे पडले, दात पडल्यासारखे. मराठीसाठी ते अंतर शून्य केलं आणि ओळींमधली जागा वाढवली, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकत होते. आणखी एक बारीक गोष्ट: पानाच्या कोडात भाषा मराठी असल्याचं नोंदवलं, की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. हे एकाही टीममेटच्या लक्षात आलं नाही. माझ्या आईच्या आलं; ती शाळेत शिकवते.

जुलैत स्पर्धेला दिल्लीला गेलो, तिथला किस्सा. आमची पहिली मॅच झाली, मी स्टेडियममधूनच पोस्ट टाकली, वेळ लिहिली सकाळी ११. बिल्डला (फाइलींची पानं तयार होण्याला) हिरवी टिक आली, पण साइटवर पोस्ट नाही. इकडे नागपूरहून ग्रुपवर "टाक ना बे", "झोपली का?" सुरू. दुपारी पुन्हा पाहिलं, नाही. संध्याकाळी लॅबमध्ये बसलेल्या एका ज्युनियरने दुसऱ्याच पानावरचं एक शुद्धलेखन सुधारलं आणि माझी पोस्ट अचानक उगवली. सगळं श्रेय त्याला. मीही त्याला थँक यू म्हटलं.

कारण रात्री हॉटेलात कळलं. मी वेळेपुढे टाइमझोन लिहिला नव्हता, म्हणून ते ११ यूटीसीचे (जागतिक प्रमाण वेळेचे) धरले गेले, म्हणजे आपले साडेचार. जेकिलच्या हिशेबाने पोस्ट भविष्यातली होती आणि भविष्यातली पोस्ट ते आपणहून वगळतं. बरं, साडेचार वाजले म्हणून ती आपोआपही येत नाही; कुणीतरी काहीतरी बदलून साइट पुन्हा बिल्ड व्हावी लागते. तेव्हापासून वेळेपुढे +०५३० लिहायचं, म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. लॅबच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात आहे.

बाकी कुरबुरी आहेतच. विंडोज लॅपटॉपवर फोटो दिसतो आणि साइटवर गायब: नावातला जेपीजी कुठे कॅपिटल, कुठे स्मॉल, तिकडच्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. डिलीट केलेले जड फोटो गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) इतिहासात पडूनच राहतात, त्यामुळे रेपो, म्हणजे साइटच्या फाइलींचा साठा, फुगत चाललीय. संपर्काचा फॉर्म अशा साइटवर नुसता चालत नाही, बाहेरची सेवा जोडावी लागते. जोडली, स्पॅमचा पूर आला, काढली. आता फक्त ईमेल आहे. आणि गिटची भीती. दोघांनी एकच ओळ बदलली की येणाऱ्या मर्ज कॉन्फ्लिक्टच्या त्या बाणांच्या रांगा पाहून दोन मुलींनी "आम्ही सोल्डरिंगच करतो" म्हणून पळ काढला. त्यांना ब्राउझरमध्येच गिटहबवरची पेन्सिल (एडिटचं बटण) दाबून लिहायला शिकवायला हवं होतं. ते मला पाचव्या महिन्यात सुचलं, चूक माझीच.

सर्वांत उपयोगी पान ठरलं ते मी वैतागून सुरू केलेलं: "काय तुटलं". तारीख, काय, कशाने. एवढंच. मे महिन्यातली एक नोंद अशी: "पीएलएची चार ब्रॅकेट गाडीच्या डिकीत राहिली. दुपार. चारही केळीसारखी वाकली." पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटरचं प्लास्टिक, साधारण ६० अंशांला मऊ पडायला लागतं, आणि नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत मे महिन्यात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पुढची ब्रॅकेट जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजीत छापली. सीनियर्सनाही कधीतरी हेच झालं होतं म्हणे, पण कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

गिटहबच्या खात्याला आता तीन मालक आहेत, त्यातला एक कायम दुसऱ्या वर्षाचा. रिकव्हरी कोड छापून बॅटऱ्यांच्या कपाटात ठेवलेत. डोमेन विभागाच्या ईमेलवर आहे. विकणाऱ्याने पहिल्या वर्षी स्वस्तात दिलं आणि नूतनीकरणाचा आकडा आता दाखवलाय, जवळपास दुप्पट. वर्गणी काढावी लागेल.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला पेन्सिल दाखवली. काल "काय तुटलं"वर त्याची पहिली नोंद आली, बॅटरीच्या कनेक्टरची: "एक्सटी६० उलटा सोल्डर केला. ड्रायव्हर गेला. मीच." वेळेपुढे +०५३० होतं.