नाशिकमधली पापनिवेदनाची सोय: काय मिळतं, काय मिळत नाही

पापनिवेदन म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंपुढे आपली पापं सांगून देवाची क्षमा मागण्याचा संस्कार. ही सेवा फुकट आहे, दहा मिनिटांच्या आत उरकते आणि इतकी कडक गुप्तता वकिलाकडेही मिळत नाही. तरीही नेलेलं ओझं तसंच डोक्यावर घेऊन बाहेर पडणारे पुष्कळ असतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: या संस्कारात माणसाला स्वतःच्या पापांची क्षमा मिळते आणि लोक आत नेतात दुसऱ्याची पापं. म्हणून इथे सोयीबद्दल थोडं आणि वापराबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी ठिकाणं. नाशिक धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा विभाग) 1987 मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. शहरातल्या कॅथलिकांची नेहमीची ठिकाणं म्हणजे त्र्यंबक रोडचं होली क्रॉस, नाशिक रोडचं सेंट अ‍ॅन्स कॅथेड्रल आणि तिथलंच बाळ येशूचं मंदिर. बहुतेक धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या स्थानिक मंडळीत) पापनिवेदन मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, आधी असतं. अर्ध्या तासात माणशी पाच मिनिटं धरली तरी सहाच जणांचं होतं. पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) रांग वाढली की फादर घाई करणारच, आणि मागच्याच्या चुळबुळीने आपणही अर्धं गिळून टाकतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईपासून लोक येतात आणि वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात. आपल्याला कुणी ओळखू नये असं वाटणाऱ्याला ही गर्दी बरी. दहा वर्षांचं भिजत घोंगडं घेऊन मात्र तिथे जाऊ नये. उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या) सामुदायिक प्रायश्चित्तविधीला बाहेरचे धर्मगुरूही बसतात. ज्यांना आपल्याच फादरांसमोर तोंड उघडायची लाज वाटते, त्यांच्यासाठी ही सर्वांत चांगली संधी. कुणाकडे जायचं ते निवडण्याची मोकळीक कॅनन कायद्याने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यानेच, दिली आहे. आपल्या धर्मग्रामाबाहेर गेलं म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

तयारी घरी करावी, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दहा आज्ञा समोर ठेवून घर, कामाची जागा, पैसा आणि जीभ या चार बाजूंनी स्वतःला तपासायचं. जिभेला जास्त वेळ द्यावा. चिठ्ठी नेली तर चालते. मोबाईलवर लिहिलं असेल तर बाहेर पडताच खोडावं, कारण तोच मोबाईल संध्याकाळी पोरांच्या हातात जातो.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करायची, शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगायचं आणि आपण विवाहित आहोत की नाही, काम काय करतो, हे एका वाक्यात सांगायचं. मग पापं. गंभीर पापाचा प्रकार आणि संख्या, दोन्ही सांगायची असतात. ‘खोटं बोललो’ हे अपुरं. ‘बायकोपासून कर्ज लपवलं, वर्षभर, दर महिन्याला’ हे पुरेसं. तपशील इतकाच. कुठल्या हॉटेलात, कुणासोबत, पाऊस होता की नाही, हे कुणी विचारलेलं नसतं. शेवटी आठवत नसलेल्या पापांचीही क्षमा मागायची. फादर प्रायश्चित्त देतात, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, ते पापमुक्तीचे शब्द उच्चारतात, आपण ‘आमेन’ म्हणायचं. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणावी. समोरासमोर खुर्चीवर बसायचं नसेल तर मधल्या जाळीमागून बोलायचं आहे असं सांगावं. पापनिवेदनाच्या जागी जाळी हवी, असा नियमच आहे.

गुप्ततेबद्दल शंका नको. ऐकलेलं थेट उघड करणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. खूण किंवा सूचक बोलणंही त्याला चालत नाही.

आता बिघडतं कुठे ते. ‘सासूबाई सारख्या टोमणे मारतात, म्हणून मी चिडते.’ ‘भावाने बांध कोरला, म्हणून आमचं बोलणं नाही.’ अशी वाक्यं म्हणजे साक्षीदाराची जबानी झाली. सोपी चाचणी आहे: वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे का ते बघावं आणि ‘म्हणून’च्या आधीचं सगळं गाळावं. ‘मी सासूशी दोन महिने बोलले नाही आणि तिच्याबद्दल शेजारी खोटं सांगितलं.’ एवढ्यावर पापमुक्ती मिळते. सासूचं जे काही असेल ते तिने तिच्या पाळीला सांगावं.

दुसरी उणीव प्रायश्चित्ताची, आणि इथे सेवेचे गुण कापावेच लागतात. कुठल्याही पापाला तीन वेळा ‘नमो मरिये’ ही प्रार्थना सांगायची सवय अनेक धर्मगुरूंना लागलेली आहे. चर्चची शिकवण याहून कडक आहे: पापमुक्तीने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, घालवलेली अब्रू भरून द्यावी लागते. निफाडकडच्या बागेत मजुराची आठ दिवसांची मजुरी दाबली असेल तर पापमुक्तीनंतरही ती देणं लागतेच. मजूर गावी गेला असेल तर मुकादमाकडून पत्ता काढावा, तो वारला असेल तर त्याच्या घरी द्यावी, आणि खरोखर कुणी सापडलंच नाही तर तेवढी रक्कम गरिबांना. चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाबद्दल खोटं पसरवलं असेल तर ते त्याच ग्रुपवर मागे घ्यावं. खासगीत ‘सॉरी’ पाठवून भागत नाही, कारण खोटं पन्नास जणांनी वाचलं होतं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली होती. फादरांनी काहीच सुचवलं नाही तर आपणच विचारावं, ‘फादर, भरपाई कशी करू?’ या प्रश्नावर बहुतेकांचा सूर बदलतो आणि खरं बोलणं सुरू होतं.

दुसऱ्याला क्षमा करणं हे मात्र त्या जाळीमागे पुरं होणारं काम नाही. तिथे त्याची सुरुवात होते, एवढंच. बायबलमध्ये मत्तयच्या अठराव्या अध्यायात, राजाने कर्ज माफ केलेला चाकर आपल्या सोबत्याला मात्र माफ करत नाही असा दाखला आहे; त्याचे आकडे एकदा नीट मांडून बघण्यासारखे आहेत. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार. राजाने चाकराला सोडलेलं दहा हजार तालांतांचं कर्ज म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, अनेक जन्म राबूनही न फिटणारी. चाकराला त्याच्या सोबत्याकडून येणं होतं शंभर दीनार. प्रवचनात ही रक्कम ‘क्षुल्लक’ म्हणून उडवली जाते. रोज पाचशे रुपये धरले तर ते पन्नास हजार होतात, आणि हातावर पोट असलेल्याला पन्नास हजार क्षुल्लक नसतात. दाखला दुखणं छोटं आहे असं म्हणतच नाही. ते खरं आहे, मोजता येण्यासारखं आहे आणि तरीही सोडायचं आहे, असं म्हणतो. म्हणून ‘जाऊ दे, काही नाही झालं’ ही क्षमेची सुरुवात असूच शकत नाही. आधी आकडा मांडावा लागतो.

तो असा मांडायचा: एका पानावर काय घडलं ते लिहायचं. तारीख, बोललेले शब्द, झालेलं नुकसान. समोरच्याच्या मनात काय होतं ते लिहायचं नाही, ते आपल्याला माहीत नसतं. मग त्या पानाचे दोन भाग करायचे: काय सोडणार आणि काय मागणार. त्याचं वाटोळं व्हावं ही इच्छा, प्रत्येक लग्नात तीच कहाणी उगाळणं, त्याच्या मुलांशी अबोला, हे सोडायच्या बाजूला. पैसे, जमिनीचा हिस्सा, सुरक्षितता हे मागायच्या बाजूला जाऊ शकतं, आणि ते मागितल्याने क्षमा बाद होत नाही. घरोघरचं उदाहरण हक्कसोडपत्राचं, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडून दिल्याच्या कागदाचं. भारतीय वारसा कायदा, 1925 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बापाच्या मुलामुलींना सारखाच वाटा मिळतो. तरीही ‘भावाचं मन मोड नको’ म्हणून बहिणीची सही घेतली जाते आणि पुढे तिला सांगतात, ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर. तिने राग सोडावा हे बरोबर. हिस्सा सोडायचा की नाही हा वेगळा निर्णय, आणि तो तिने वकिलाशी बोलून घ्यावा.

त्यानंतर त्या माणसाचं नाव घेऊन रोज एक वाक्य प्रार्थना. ‘त्याला सद्बुद्धी दे’ अशी नको, त्यात आपला राग चोरपावलांनी परत येतो. ‘त्याच्या पोराला नोकरी लागू दे’ अशी. पहिले काही आठवडे दात-ओठ खातच म्हटली जाईल, तरी चालेल. बोलायचं झालं तर मत्तय 18:15 चा क्रम पाळावा: आधी एकटं जाऊन, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी सगळ्या नातेवाइकांना कळतं, शेवटी त्याला.

दोन गोष्टी हमखास फसतात. ज्याला आपली चूक मुळी मान्यच नाही, त्याला फोन करून ‘मी तुला माफ केलं’ असं जाहीर करणं. त्यातून नवं भांडण उभं राहतं. अशा वेळी क्षमा आपल्या बाजूने, देवापुढे करावी आणि समेट राखून ठेवावा, कारण समेटाला दोन माणसं लागतात. दुसरी, भस्म बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) सगळ्यांना एकाच वेळी पाठवलेला ‘कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी’ हा संदेश. ज्यात कुठली चूक नाव घेऊन कबूल केलेली नाही, ती क्षमायाचना कुणाच्याच कामाची नाही.

मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला. घरात हात उचलला जातो तिथे ‘क्षमा कर आणि परत नांदायला जा’ हा सल्ला कुणीही दिला, अगदी झगा घातलेल्याने दिला तरी, चुकीचाच. आधी सुरक्षित जागा, महिला हेल्पलाइन 181, गरज पडल्यास तक्रार; 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ख्रिस्ती बायकांनाही लागू आहे. मन मोकळं करायला पुढे आयुष्य पडलं आहे.

स्वतःला क्षमा करण्याच्या बाबतीत ही सेवा दोन टोकांच्या लोकांना कमी पडते. एक टोक म्हणजे तेच जुनं पाप दर महिन्याला नव्याने सांगणारे. पापमुक्ती मिळालेलं पाप पुन्हा सांगायची गरज नसते. बोच राहते ती भावनेची, आणि भावना विधीच्या वेळापत्रकाने चालत नाही. अशांनी एकच धर्मगुरू धरावा, दरवेळी नवा शोधू नये. तो म्हणेल ‘हे पुन्हा सांगू नका’, तर ऐकावं. ‘प्रार्थना नीट झाली नाही’ म्हणून तासन्‌तास तीच म्हणणं, पापाच्या भीतीने झोप उडणं, हे दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, ते श्रद्धेच्या आड येत नाही. दुसरं टोक गर्भपातासारख्या गोष्टीने वर्षानुवर्षं जाळीपर्यंतच न येणाऱ्यांचं. त्याची क्षमा फक्त बिशपच देऊ शकतात असं अजून कानावर येतं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला आहे. कुठल्याही धर्मग्रामातल्या फादरांकडे जाता येतं.

या दोन्ही टोकांना उपयोगी पडेल अशी गोष्ट योहानच्या एकविसाव्या अध्यायात आहे. आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याला येशू ‘विसर ते’ म्हणत नाही. तीनदा प्रश्न विचारतो आणि तीनदा काम देतो. ज्याची माफी मागायची तो माणूसच गेला असेल, तर हेच करावं: त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करावी, त्याचं देणं वारसांना द्यावं आणि जे मोडलं त्याच जातीचं एक काम अंगावर घ्यावं. बापाला आजारपणात विचारलं नाही, तर धर्मग्रामातल्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला आठवड्यातून एकदा दवाखान्यात न्यावं.

शरणपूर रोडच्या सेंट अँड्र्यूजसारख्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळ्यांत रचना वेगळी. प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी एकत्र पापांगीकार (पापांची कबुली) करते आणि पाळकसाहेब क्षमेची घोषणा करतात. शेजारी आपलाच भांडलेला चुलतभाऊ तेच शब्द म्हणत उभा असतो, ही त्यातली ताकद. नाव घेऊन काहीच सांगायचं नसल्याने निसटून जायला वाव मिळतो, ही त्यातली फट. पाळकसाहेबांची स्वतंत्र वेळ मागितली तर तीही भरून निघते.

आंतरिक उपचाराच्या तीन दिवसांच्या रिट्रीटबद्दल (प्रार्थना-शिबिराबद्दल) थोडक्यात. स्पीकरवरून ‘आत्ता, याच क्षणी माफ करा’ म्हटलं की रडू येतं, हलकंही वाटतं. सोमवारी तोच भाऊ बांधावर दिसतो. रिट्रीटमध्ये पापनिवेदनाला मोकळा वेळ मिळतो, तेवढ्यासाठी जावं.

जुनं किंवा गुंतागुंतीचं काही असेल तर रविवारची रांग टाळून धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन करावा आणि आठवड्याच्या मधल्या दिवसाची वेळ मागावी. ‘पापनिवेदनाला अर्धा तास हवा’ एवढं सांगितलं तरी पुरतं, विषय फोनवर सांगायचा नाही. विधीची पद्धत विसरलेल्याने आत बसताच तसं म्हणून टाकावं, ‘फादर, पंधरा वर्षांनी आलोय, काय म्हणायचं ते आठवत नाही.’ पुढचं ते एकेक विचारत नेतात.