सातवीनंतर: आठवी गावातच काढावी की हायस्कूल गाठावं?

जिल्हा परिषद शाळेत सातवीचा निकाल लागला की घराघरात एकच विषय असतो: पोराला आता कुठं घालायचं? पूर्वी याचं उत्तर सरळ होतं. शाळा सातवीपर्यंत, पुढे हायस्कूल. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, मोफत आणि सक्तीचं शिक्षण आठवीपर्यंत आलं आणि बऱ्याच झेडपी शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला. अशा गावांत पालकांपुढे आता दोन वाटा आहेत. आठवी इथंच काढून नववीला हायस्कूलला जायचं, किंवा आठवीतच जायचं.

माझं मत आधी सांगतो. जाण्यायेण्याची सोय भरवशाची असेल, तर आठवीतच हायस्कूलला घाला. याला अपवाद आहेत, तेही पुढे सांगतो.

नववीत नेमकं काय बदलतं ते आधी बघा. आठवीपर्यंत गणिताचं एक पुस्तक असतं, नववीत दोन होतात: भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा. भूमितीत आता नुसतं उत्तर काढून चालत नाही. पक्ष, साध्य, मग सिद्धता, आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहायचं. आठवीपर्यंत ज्याला पैकीच्या पैकी पडायचे, असा मुलगाही पहिल्या चाचणीत इथं अडतो. त्याच वर्षी दुपारचा पोषण आहार बंद होतो, कारण तो आठवीपर्यंतच आहे. मोफत पुस्तकंही आठवीपर्यंतच, म्हणजे जूनमध्ये पुस्तकांचा खर्च आणि रोजचा डबा दोन्ही घरावर येतात. आणि याच वर्षी शाळाही नवी असेल, तर तासातासाला बदलणारे शिक्षक, साठेक मुलांचा वर्ग आणि रोजचा प्रवास हे सगळं एकदम अंगावर येतं.

आठवीत गेलं तर हा भार दोन वर्षांत विभागला जातो. पहिलं वर्ष शाळा ओळखण्यात जातं, दुसरं अभ्यासाचं. अनुदानित हायस्कूल असेल तर आठवीला पोषण आहार आणि पुस्तकं तिथंही मिळतात, त्या बाबतीत गाव सोडून तोटा होत नाही. शिवाय आठवी ते दहावी बहुतेक तेच शिक्षक राहतात. दहावीच्या वर्षी शिकवणाऱ्या सरांना पोरगी दोन वर्षं माहीत असणं ही मोठी जमेची बाजू आहे. संस्कृत घ्यायचं असेल तर तेही आठवीपासून सुरू होतं.

प्रवेशाची बाजू तर फार कमी पालकांना ठाऊक असते. आठवीपर्यंत शाळेला प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. नववीला हे संरक्षण राहत नाही. नावाजलेल्या हायस्कूलच्या तुकड्या आठवीतच भरतात, नववीत मागे उरतील त्या जागा.

आता झेडपीच्या आठवीची बाजू, आणि ती हलकी नाही. पट कमी असतो, गुरुजी घर ओळखतात, गणवेशही मिळतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एनएमएमएस शिष्यवृत्तीची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची. ही परीक्षा आठवीतच होते. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. काही झेडपी शाळांत शिक्षक या परीक्षेसाठी सकाळी लवकर येऊन जादा तास घेतात, आणि त्या शाळांची मुलं यादीत लागतात. तुमच्या गावात असे गुरुजी असतील आणि गणित-विज्ञानाचा पदवीधर शिक्षक जागेवर असेल, तर एक वर्ष थांबणं शहाणपणाचं आहे. हा पहिला अपवाद. मात्र ते पद रिकामं असेल आणि एकच शिक्षक सहावी-सातवी-आठवी एकत्र बसवत असेल, तर थांबून काही हाती लागत नाही. कोणतं पद भरलंय, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सरळ विचारा. तो पालकांचा हक्क आहे.

(एनएमएमएस फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. तालुक्याच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आठवीला घातलं तर ही परीक्षाही गेली, आहारही गेला. फी सांगणारे हे सांगत नाहीत.)

दुसरा अपवाद रस्त्याचा. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, एसटीच्या वेळेत मोजा. प्रवेश घेण्याआधी एखाद्या संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी स्वतः हायस्कूलजवळच्या थांब्यावर उभे राहा. गाडी थांबते का, की भरलेली म्हणून पुढे निघून जाते? पुढची किती वाजता? डिसेंबरात सहाला अंधार पडतो, फाट्यापासून गावापर्यंत दिवे आहेत का, सोबतीला गावातली आणखी किती मुलं आहेत? गाडीची वेळ जुळत नसेल तर चार-पाच पालकांनी मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारप्रमुखांना भेटावं. एकट्याने गेल्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मुलींच्या बाबतीत मला कळकळीने एक सांगायचंय. ‘रस्ता लांबचा आहे, आठवी इथंच होऊ दे, पुढचं पुढे बघू’ हे वाक्य बऱ्याच घरांत प्रेमापोटीच बोललं जातं. पण आठवी संपते तेव्हा मुलगी चौदाची झालेली असते, सक्तीचं शिक्षण संपलेलं असतं, आणि ‘पुढे बघू’ म्हणणाऱ्या घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. तेराव्या वर्षी मैत्रिणींच्या घोळक्यात एसटीने जायला लागलेल्या मुलीची शाळा सहजासहजी सुटत नाही. सगळ्यांनाच तिच्या जाण्याची सवय झालेली असते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मागास तालुक्यांसाठी राज्य सरकारचा मानव विकास कार्यक्रम आहे, त्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या आहेत आणि सायकलसाठी पैसेही मिळतात. रस्ता खरंच धोक्याचा असेल तर आठवी गावात करा, पण नववीची सोय आजच ठरवून ठेवा: कोणतं हायस्कूल, कोणती गाडी, सोबत कोण.

रोजचं जाणं-येणं अशक्यच असेल तर वसतिगृह आहे. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहांत आठवीपासून प्रवेश मिळतो. केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयात नववीच्या रिकाम्या जागांसाठी आठवीत असताना परीक्षा देता येते.

सेमी इंग्रजीबद्दल, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी विषय मराठीत, थोडक्यात. सातवीपर्यंत गणित मराठीत शिकलेल्या मुलाला सेमीला टाकायचंच असेल तर आठवीत टाका, नववीत नको. अंश-छेदाचं न्यूमरेटर-डिनॉमिनेटर आणि लंबाचं परपेंडिक्युलर व्हायला एक वर्ष तरी द्यायला हवं. मूल मराठीतच खुश असेल तर हट्ट करू नका.

हायस्कूल पाहायला जाल तेव्हा दहावीच्या गुणवंतांचा फलक बघून परत येऊ नका. तिथं शिकणाऱ्या आपल्या गावच्या एखाद्या आठवीच्या मुलाची गणिताची वही मागून घ्या. दिवाळीपर्यंत किती प्रकरणं झाली, तपासल्याच्या तारखा आहेत का, चुकलेलं गणित पुन्हा सोडवून घेतलंय का, हे त्या वहीत दिसतं.

आणि कोणतीही वाट धरा, दाखला हातात घेण्याआधी जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली) नोंद स्वतः वाचा: मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधारवरचं नाव. चूक असेल तर मूल त्या शाळेच्या पटावर असतानाच अर्ज द्या. दाखला निघाल्यावर तीच दुरुस्ती करून घेणं बरंच अवघड होतं, आणि तीच चूक पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरते.