वेळेवर ऑइल बदललेल्या स्विफ्टमध्ये इंजिन फ्लश: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी 2018 ची स्विफ्ट, पेट्रोल, 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन. पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. रनिंग 70 हजारांच्या पुढे. ऑइल आणि फिल्टर दर 10 हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. यात कधी खाडा नाही. थोडक्यात, फ्लशची (ऑइल बदलण्याआधी इंजिन आतून धुवायच्या औषधाची) गरजच नाही असं ज्या गाडीबद्दल म्हणतात, तसली ही गाडी. तरी फ्लश मारला, कारण दर सर्व्हिसला एस्टिमेटमध्ये हा आयटम न सांगता घुसवलेला असतो, आणि ओळखीतल्यांत निम्मे म्हणतात ‘इंजिन मख्खन होतं’, निम्मे म्हणतात ‘चांगलं इंजिन बसेल’. वॉरंटी कधीच संपली होती. म्हटलं, एकदा करून बघू.

घराजवळच्या मिस्त्रींकडे केलं, समोर उभं राहून. 300 मिलीचा डबा, चांगल्या कंपनीचा, चारशे-पाचशेच्या घरातला. पद्धत सोपी: इंजिन गरम करायचं, जुन्या ऑइलमध्येच डबा ओतायचा, दहा-पंधरा मिनिटं आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवायचं, मग चेंबर नट, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा नट, खोलून सगळं काढायचं. या वेळात गाडी चालवायची नाही, रेसही द्यायची नाही. कारण फ्लश म्हणजे मुख्यतः रॉकेलाच्या जातीचं पातळ सॉल्व्हंट आणि थोडं डिटर्जंट. ते तीन लिटर ऑइलमध्ये गेलं की ऑइल तेवढ्यापुरतं पातळ होतं आणि बेअरिंगवरचा त्याचा थर कमजोर पडतो. आयडलिंगला ते चालून जातं, लोड आला की नाही.

काढलेलं ऑइल काळंकुट्ट होतं. इथेच बहुतेकांचं समाधान होतं: “बघा दादा, किती घाण निघाली!” पण 10 हजार चाललेलं ऑइल फ्लश न मारताही काळंच निघतं. ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतात. त्यांचं काम काजळी आणि मळ बारीक कणांत सुटा ठेवून फिरवत राहणं, म्हणजे तो कुठे चिकटून बसत नाही. काळं झालेलं ऑइल आपलं काम करत आलेलं असतं. त्या काळेपणात फ्लशने सोडवलेला वाटा किती आणि आधीपासून तरंगत असलेला किती, हे ट्रेमध्ये बघून कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून मी दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या. फ्लश ओतण्याआधी डिपस्टिकवरचा (ऑइल मोजायच्या पट्टीवरचा) एक थेंब टिपकागदावर टाकला आणि रात्रभर सुकू दिला. ही जुनी चाचणी आहे. ऑइलची मळ धरून ठेवायची ताकद संपली असेल तर मधोमध काळा, गच्च ठिपका राहतो आणि बाहेर नुसतं तेल पसरतं. ताकद शिल्लक असेल तर करडा रंग कडेपर्यंत एकसारखा पसरतो. माझा डाग रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा पसरला आणि मधे गडद ठिपका जवळजवळ नव्हताच. म्हणजे बदलायच्या दिवशीसुद्धा जुन्या ऑइलचं साफसफाईचं काम चालूच होतं. मग फ्लशने साफ करायचं काय?

दुसरं, निघालेला फिल्टर हॅक्सॉने कापून आतला कागद पंख्यासारखा उलगडून बघितला. मिस्त्री हसले, पण त्यांनीच पकडायला मदत केली. घड्यांमध्ये काळसर तेल होतं, बोटाने पुसलं की कागदाचा मूळ रंग दिसत होता. खपली, चिकट लगदा, कार्बनचे खडे, काही नाही. फ्लशने खरंच काही सोडवलं असतं तर त्यातलं थोडं तरी इथे अडकायला हवं होतं. फिलर कॅप (ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण) काढून टॉर्चने आतला भाग आधी बघितला होता. धातूवर मधाच्या रंगाची पातळ झिलई होती. फ्लशनंतरही ती तशीच होती, आणि आज लिहितानाही तशीच आहे. ती इंजिनला नडतही नाही.

आता चालवण्याबद्दल. नव्या ऑइलवर पहिल्या आठवड्यात इंजिन शांत वाटलं, पिकअप हलका वाटला. पण दर वर्षी सर्व्हिसनंतर असंच वाटतं! ऑइल ताजं असतं, त्यासोबत एअर फिल्टर साफ झालेला, टायरमध्ये हवा बरोबर भरलेली. हजारेक किलोमीटरनंतर कान सरावले आणि गाडी नेहमीसारखी झाली. ॲव्हरेज मी एकाच पंपावर टाकी फुल करून काढतो. नाशिक-ठाणे, कसारा घाट धरून, आधी 18 च्या आसपास होतं, आत्ताही तेवढंच आहे. कंपनीचा आकडा 22 चा. तो तसाही आपल्यासाठी नसतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज, आयडलिंगचा आरपीएम, सगळं जसंच्या तसं. ऑइल लेव्हल कमी होत नाही, पण ती आधीही होत नव्हती.

बिघडलंही काही नाही, हेही सांगायला हवं. फ्लशचा अंश नव्या ऑइलमध्ये राहून ते खराब होतं, ही भीती जरा फुगवलेली आहे. नीट निथळू दिलं तरी पाव लिटरभर जुनं ऑइल आत राहतं असं धरा. त्यात दहावा हिस्सा फ्लश, म्हणजे 25 मिली. तीन लिटरमध्ये एक टक्काही नाही, आणि त्यातला हलका भाग गरम इंजिनात उडूनही जातो. ‘सील फाटतात’ हेही माझ्या गाडीत झालं नाही. मात्र शेवरोलेच्या मॅन्युअलमध्ये ऑइल सिस्टिम फ्लश करू नका, त्यामुळे होणारं नुकसान वॉरंटीत बसणार नाही, असं स्पष्ट छापलेलं असतं. गाडी वॉरंटीत असेल तर आपलं मॅन्युअल आधी उघडा, ॲडव्हायझरला नंतर विचारा.

खरा धोका उलट प्रकारच्या गाड्यांना आहे. मेहुण्याने जुनी डिझेल हॅचबॅक घेतली, सर्व्हिस रेकॉर्ड शून्य. फिलर कॅपच्या आत ग्रीससारखा काळा थर. त्याला वाटलं, फ्लशसाठी हीच तर गाडी. मिस्त्रींनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, एवढा गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या तोंडावरच्या जाळीत जाऊन बसेल, प्रेशर पडेल, आणि लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंग गेलेलं असेल. त्यांनी चेंबर उतरवून जाळी धुतली, साधं पण योग्य ग्रेडचं ऑइल भरलं, दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये ते काढलं, पुन्हा तेच केलं. हळूहळू कॅपखालचा थर पातळ झाला. जिथे घाण आहे तिथे फ्लश जपून, आणि जिथे नाही तिथे कशाला, अशी ही गोची आहे. मधल्या गाड्या राहतात: शहरातल्या शहरात फिरणाऱ्या, ऑइल बदलायला उशीर झालेल्या पण गाळ न साचलेल्या. किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये मिसळलं होतं आणि दुरुस्तीनंतर आतला लगदा काढायचा आहे. तिथे फ्लशला मी नाही म्हणणार नाही.

पावसाळ्यात कॅपच्या आत दुधट पिवळी साय दिसते, तिला घाबरून फ्लश करणारेही बघितले. जवळजवळच्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, वाफ आत जमते, त्याची ती साय. लांबची एक चक्कर मारली की बहुतेक वेळा जाते. कूलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र प्रकरण वेगळं, ते लगेच दाखवा. आणि फ्लश म्हणजे डीकार्बनायझिंग (इंजिनात साचलेला कार्बन काढणं) नव्हे. फ्लश ऑइलच्या वाटेनेच फिरतो, इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनपर्यंत तो पोचतच नाही.

पुढच्या सर्व्हिसला एस्टिमेटमधून हा आयटम कापून घेणार आहे. त्याच पैशात थोडी भर घालून, मुंबईच्या फेऱ्या जास्त झाल्या त्या वर्षी ऑइल 7-8 हजार किलोमीटरवर बदललेलं मला जास्त पटतं. तरी कोणाला करायचंच असेल तर फिल्टर नवा टाकल्याशिवाय करू नका, आणि चेंबर नट खोलल्यावर थेंब पडायचे थांबेपर्यंत मिस्त्रींना घाई करू देऊ नका. वर्कशॉपमध्ये पुढची गाडी लिफ्टवर चढवायची असते म्हणून नेमकी तिथेच घाई होते.