२८० डॉलरची भोकं

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दारात एक पिकअप येऊन थांबली. न्यू जर्सीत घर घेऊन आम्हाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि पुढच्या लॉनची दशा केविलवाणी होती. गवत विरळ, आणि पाणी घातलं की ते मुरायच्या ऐवजी रस्त्याकडे पळायचं. आमच्या भागातली लाल चिकण माती, त्यात बांधकामाच्या वेळी तिच्यावरून फिरलेली अवजड यंत्रं. एरेशन, म्हणजे लॉनला भोकं पाडून दबलेली माती मोकळी करणं, करायला हवं हे मला ठाऊक होतं. नेमकं तेच तो माणूस बोलला, म्हणून मी फसलो.

पलीकडच्या गल्लीत काम चाललंय, मशीन गाडीतच आहे, आज निम्म्या भावात करतो, म्हणाला. एरेशनचे १२०, वर 'लिक्विड एरेशन'ची फवारणी ९०, माती आम्लधर्मी आहे म्हणून चुना ७०. माती आम्लधर्मी आहे हे त्याने नुसत्या नजरेनं ओळखलं! शिवाय, "नो मेस, सर." घाण अजिबात होणार नाही. मला तर हेच सगळ्यात आवडलं. रोख दिले, पावती मागितली नाही.

खिळ्यांचा एक ड्रम त्याने पंधरा मिनिटं लॉनवरून ओढला, कसलंतरी पाणी फवारलं, पांढरी पूड टाकली आणि गेला.

आबा तेव्हा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आले होते. चहाचा कप हातात घेऊन लॉनवर एक फेरी मारली आणि म्हणाले, "आरं, ह्यानं माती काढली कुठाय?"

समोरच्यांनी आदल्या सप्टेंबरमध्ये एरेशन केलं होतं, तेव्हा त्यांच्या लॉनभर मातीच्या बोटभर गुंडाळ्या पडल्या होत्या. हंसांचा थवा येऊन शिटून गेल्यासारखं दिसत होतं. त्या गुंडाळ्या हाच तर कामाचा पुरावा असतो. खरं मशीन पोकळ नळ्यांनी दोन-तीन इंच लांबीचे मातीचे तुकडे उपसून काढतं. मुळांना हवा-पाण्याची वाट होते आणि बाहेर पडलेली माती काही आठवड्यांत तिथंच विरघळते. भरीव खिळा माती काढत नाही, बाजूला ढकलतो. त्यामुळे भोकाच्या भोवतीची चिकण माती उलट जास्तच दाबली जाते.

आबांनी स्क्रूड्रायव्हर मागवला. भोकात गेला, पण तोही जेमतेम इंचभर. वीतभर बाजूला दाबला तर टोकसुद्धा शिरेना. "वाफसा तरी हाय का ह्या जमिनीला?" खरंच, माती कोरडी ठणठणीत होती. अशा मातीत चांगलं मशीनही खोल जात नाही, आदल्या दिवशी पाणी द्यावं लागतं. ज्या माणसानं जन्मभर 'एक कोळपणी, अर्धं पाणी' या हिशोबानं शेती केली, त्याला घरात बसवून मी दारावरच्या माणसाचं ऐकलं होतं.

वेळही चुकीची होती. आमच्याकडचं फेस्क्यू, ब्लूग्रास हे थंडीचं गवत. त्याला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात योग्य. वसंतात जमीन उकरली की क्रॅबग्रासचं तण फोफावतं. (टेक्सास, जॉर्जियाकडच्या मराठी मंडळींचं गणित उलटं. तिथलं बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, तिला उन्हाळ्याच्या तोंडाशी करतात. आबांनी आयुष्यभर जी खणून फेकली, ती तिथं लोक पैसे देऊन जोपासतात.)

फोन लावला तर नंबर बंद. घरी येऊन केलेली २५ डॉलरवरची विक्री तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येते आणि विक्रेत्यानं त्याचा फॉर्म द्यायचा असतो, हा केंद्रीय नियम मला नंतर कळला. पण रोख दिलेले पैसे, पावती नाही, नाव नाही. रद्द करायचं कुणाकडे? रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवला. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, आला ६.७, जवळपास उदासीन. चुन्याची गरजच नव्हती.

सप्टेंबरमध्ये शेजाऱ्याबरोबर भाडं अर्धंअर्धं वाटून मशीन आणलं. धूड इतकं जड की वळवताना खांदे निघाले, आणि खुणेची झेंडी लावायला विसरलो तो जमिनीतला एक स्प्रिंकलर फुटला. पण संध्याकाळी लॉनभर गुंडाळ्या होत्या. साताऱ्याला परतलेल्या आबांना मी व्हिडिओ कॉलवर त्या दाखवल्या.

या एप्रिलला पुन्हा एक पिकअप थांबली. माणूस वेगळा होता. माती बाहेर काढतोस का, एवढंच विचारलं.

"नो मेस, सर," म्हणाला. मी दार लावून घेतलं.