उंटावरचे सतरा महिने: हवेवर उभ्या असलेल्या गाडीचा अनुभव

गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा आई पायरीवर उभी होती. मी बटण दाबलं, गाडी सुस्कारा टाकून पाच सेंटीमीटर खाली बसली, आणि आई म्हणाली, "अगोबाई, हा तर उंटच की!" तेव्हापासून घरात गाडीचं नाव उंट.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यामुळे दगडधोंडे आणि ओढे पार करायला म्हणून मी जी सोय हौसेने घेतली, ती रोज वापरते आई. हे आधीच सांगतो, कारण पुढे पैशांचा हिशोब येणार आहे आणि तो वाचून "मग कशाला घेतली?" असं कुणीतरी विचारणारच.

गाडी युरोपियन, डिझेल, घेतली तेव्हा दहा वर्षं जुनी. चारही चाकांवर एअर सस्पेन्शन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळी चर्चा कंपनीवर जाते, आणि मला फक्त सस्पेन्शनबद्दल बोलायचंय. ऑक्टोबरमध्ये घेतली, आजपर्यंत सतरा महिने आणि २३,६०० किलोमीटर झाले. महिन्यातून दोनदा पुणे-दापोली ताम्हिणीमार्गे, आणि पावसाळ्यात वेल्हे, केळद, मढे घाट या बाजूच्या कच्च्या वाटा. याआधी माझ्या सगळ्या गाड्या स्प्रिंगवाल्या होत्या.

ज्यांना आतली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्प्रिंगच्या जागी जाड रबराचा फुगा असतो, त्याच्या आत दोऱ्याचं विणकाम. गाडी वरखाली होते तेव्हा हा फुगा मोज्यासारखा स्वतःवरच दुमडतो आणि उलगडतो. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर आणि त्याची बोटभर दांडी. एक छोटा विजेवरचा कॉम्प्रेसर, हवेतली ओल शोषणारा ड्रायर, हवेची टाकी, आणि कुठल्या फुग्यात किती हवा सोडायची ते ठरवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा. स्प्रिंगच्या गाडीत यातलं काहीच नसतं. लोखंडाची गुंडाळी असते आणि ती तिचं काम करते.

पहिले आठ महिने मी या गाडीच्या प्रेमात होतो. मागे पाच माणसांचं सामान आणि आंब्याच्या पेट्या भरल्या तरी गाडी सपाट उभी. स्प्रिंगच्या गाडीत एवढं वजन टाकलं की मागचा भाग बसतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. हवेला ते बंधन नाही, वजन वाढलं की दाब वाढतो. शिवाय रिकाम्या गाडीतही ती उशी तितकीच मऊ राहते. ताम्हिणीतल्या खड्ड्यांतून आई मागच्या सीटवर झोपून आली आहे, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

कच्च्या रस्त्यावर मात्र जाहिरातीतलं चित्र आणि प्रत्यक्ष यांत फरक आहे. बटण दाबून गाडी साडेपाच सेंटीमीटर वर जाते, पोटाखाली जवळजवळ २४ सेंटीमीटर जागा मिळते. मेहुण्याकडे २०२० च्या नव्या रूपातली थार आहे, तिच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर, तीही बटण न दाबता, दिवसरात्र. केळदच्या पुढे एका ठिकाणी वाटेच्या मधोमध मोठा उंचवटा होता, तिथे माझी गाडी आरामात गेली. पण पुढच्याच वळणावर तिरका खड्डा आला आणि माझं मागचं चाक हवेत लटकलं. कारण साधं आहे. गाडी वर उचलली म्हणजे चाक खाली लोंबायला जी जागा होती ती आधीच वापरून टाकली. उंची वाढली, चाकाची हालचाल तेवढीच राहिली. थारला मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे, एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. माझ्या गाडीत हेच काम डाव्या-उजव्या फुग्यांची हवा एकमेकांत सोडून केलं जातं. जमतं, पण ताठ अंगाने जमतं. मेहुणा पलीकडे उतरून गुळाची चिक्की खात उभा होता.

आणि हो, ताशी पन्नासच्या पुढे गेलं की गाडी स्वतःहून खाली येते. कच्चा रस्ता थोडा बरा आला, पाय दाबला, की नेमका पुढच्या दगडाच्या आधी उंट बसतो.

आता जुलै.

जूनच्या शेवटापासून सकाळी गाडीचा मागचा डावा कोपरा किंचित खाली दिसायचा. इंजिन सुरू केलं की अर्ध्या मिनिटात वर यायचा. मी मनात म्हणायचो, येतोय ना वर, मग काय! या एका वाक्याची किंमत मला १ लाख ३६ हजार रुपये पडली.

दापोलीला जाताना मंडणगडच्या अलीकडे, धो धो पावसात, आधी पिवळा दिवा लागला, दहा मिनिटांनी लाल. दोन वळणं झाली आणि डावा मागचा भाग धप्पकन खाली बसला. फुगा रिकामा झाला की गाडी आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकते. चालवता येते, पण ताशी वीसच्या वर नाही, आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो. गावात एक कमानपाटेवाला, म्हणजे ट्रक-टेम्पोच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा दुरुस्त करणारा, सापडला. त्याने ताडपत्री अंगावर घेऊन खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "फुगा फुटलाय दादा. फुग्याला मी काय करू? लोखंड असतं तर चहा होईस्तोवर करून दिलं असतं."

गाडी टेम्पोवर घालून पुण्याला आली. चढवताना पोट घासलं ते वेगळंच, कारण बसलेला उंट उतारावर चढवणं सोपं नाही. भाग यायला आणि लागायला मिळून तेवीस दिवस लागले.

उघडून पाहिल्यावर जे कळलं ते मला आधी माहीत असतं तर हा खर्च तिसऱ्या हिश्शावर आला असता. फुग्याच्या घडीत चिखल बसला होता. चिखल वाळतो, त्यातली रेती घडीत अडकते, आणि प्रत्येक हेलकाव्याला सँडपेपरसारखं घासते. दहा वर्षांचं रबर आधीच सुकलेलं. तिथे केसाएवढी चीर पडली. पण नुसत्या चिरेने गाडी रस्त्यात बसली नसती. ती हवा भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर धावत राहिला. हा काही कारखान्यातला कॉम्प्रेसर नाही, काही मिनिटं चालून थांबण्यासाठी केलेला लहान पंप आहे. तो तापला, त्याची पिस्टनची रिंग झिजली. पावसाळी हवा इतकी ओढली की ड्रायरमधले दाणे ओलीने भिजून फुटले आणि त्यांची पूड व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात गेली. एका चिरेने तीन भाग खाल्ले. फुगा एकट्याचा असता तर बिल ४१ हजारांचं होतं. आणि हे सगळे भाग बाजारातले, मूळ कंपनीचा आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो.

म्हणून कुणी विचारलं की एअर सस्पेन्शन भरवशाचं आहे का, तर माझं उत्तर असं: फुगा हा टायरसारखा झिजणारा भाग आहे, आठ-दहा वर्षांनी बदलायचाच. आपण तो चेसिसइतकाच कायमचा धरून चालतो, तिथे चूक होते. जुनी गाडी घेताना चार फुग्यांचे पैसे किमतीत धरा आणि मग भाव करा. मी धरले नव्हते.

आता लोखंडाची बाजू. स्प्रिंग म्हणजे अमरपट्टा असं समजणाऱ्यांसाठी आतेभावाची गोष्ट सांगतो. त्याची दापोली तालुक्यात हापूसची बाग आहे आणि पेट्या वाशीला न्यायला पाटेवाली पिकअप. मे महिन्यात भरल्या गाडीचा मेन पाटा खेडजवळ तुटला. कमानपाट्यात मेन पाटा नुसतं वजन पेलत नाही, ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. तो गेल्यावर ॲक्सल एका बाजूने मागे सरकला आणि पिकअप खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. भरल्या गाडीला घाटात हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. पण त्याने लाकडाचा ठोकळा घातला, साखळीने आवळलं, रांगत रांगत हायवेवरच्या पाटेवाल्याकडे पोचला. रात्रीच्या दोन तासांत पाटा बदलून झाला, मजुरीसकट ३,२०० रुपये. पेट्या पहाटे वाशीत. माझा उंट तेवीस दिवस, त्याची पिकअप दोन तास. मला दोन्हीतला खरा फरक इथे दिसतो. मोडतं दोन्ही. मोडल्यावर कोण, कुठे आणि कितीत दुरुस्त करू शकतो, हा प्रश्न आहे.

गुंडाळीची स्प्रिंगही तुटते. बहुतेक वेळा खालचा शेवटचा वेढा, जिथे खडी उडून रंग जातो आणि गंज धरतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लवकर. तुटली तरी गाडी एखाद-दोन सेंटीमीटर खाली बसते आणि चालत राहते, मालकाला कधीकधी सर्व्हिसिंगपर्यंत पत्ताही नसतो. शिवाय स्प्रिंग वर्षानुवर्षं हळूहळू बसत जाते आणि ते कोणी मोजत नाही. माझी गाडी एक सेंटीमीटर फरक पडला की बोंब मारते. स्प्रिंगची अर्धी अब्रू ती मुकी आहे म्हणून टिकून आहे, असं आता मला वाटतं.

"हवेवरचं काहीच टिकत नाही" म्हणणारे बरेच भेटले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! ही मंडळी शिवनेरीने मुंबईला जातात. शिवनेरीच्या डिझेल व्होल्वो बसखाली रबराचे फुगेच, आणि चाळीसेक माणसं घेऊन त्या बस दिवसचे दिवस धावत आल्या आहेत. लालपरी पाट्यांवर चालते, शिवनेरी हवेवर. मग तिथे का टिकतं? बसमध्ये एअर ब्रेकसाठी इंजिनवर चालणारा दणकट कॉम्प्रेसर आधीच असतो, हवेची कमतरता नसते. थोडी गळती झाली तर त्याला पत्ताही लागत नाही. फुगे मोठे, उघड्यावर, आणि डेपोत ते बघणारा माणूस असतो. आपल्या गाडीत तेच काम एका मुठीएवढ्या मोटरवर टाकलंय, आणि बघणारा माणूस म्हणजे आपण, जो म्हणतो की येतोय ना वर, मग काय.

हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेत १९५७-५८ च्या सुमारास मोठ्या गाड्यांना हवेचं सस्पेन्शन द्यायची लाट आली होती. गळती इतकी, की लोकांनी डीलरकडे जाऊन पुन्हा लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या. फ्रान्समध्ये सित्रोएनने १९५५ च्या डीएसमध्ये तेल आणि वायूचा वेगळा मार्ग काढला. ऑफ-रोड गाडीत संगणकावर चालणारं हवेचं सस्पेन्शन रेंज रोव्हरने १९९२ मध्ये आणलं. मला स्वतःला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती लँड क्रूझर १०० ची रचना. उंची बदलायला तेलाचा दाब, पण सोबत लोखंडी स्प्रिंगही ठेवलेली. दाब गेला तरी ओझ्याचा काही भाग उचलायला लोखंड असतंच. असं काही परवडणाऱ्या भावात मिळालं तर मी रांगेत पहिला.

जुलैनंतर मीही फुगे काढून स्प्रिंगा टाकायच्या विचारात होतो. चार स्प्रिंगा, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा गप्प करणारं एक यंत्र, मिळून ९५ हजारांचा आकडा मिळाला. म्हणजे झालेल्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त. आगाऊ रक्कम द्यायच्या आदल्या दिवशी जेवताना विषय निघाला. आई म्हणाली, "म्हणजे उंट आता बसणार नाही?"

तिथेच अर्धा निर्णय झाला. उरलेला अर्धा असा, की माझ्या वाटा पुण्यापासून फार तर दोनशे किलोमीटर दूर जातात. उद्या एकट्याने स्पिती किंवा लडाखला जायचं ठरलं तर मी मेहुण्याची थार मागून घेईन, ही नेणार नाही. गावात राहणाऱ्याने, जिथे जवळचा जाणता मेकॅनिक तीन तास लांब आहे, तिथे फुग्यांच्या भानगडीत पडूच नये. स्प्रिंगच घ्यावी.

ठेवायचीच असेल तर एवढं करतो. चिखलातून आलो की गाडी पूर्ण वर उचलून फुग्याच्या घडीत साध्या नळाचं पाणी सोडतो. प्रेशरची तोटी नाही, तिने रेती आणखी आत जाते. चाक बदलताना लेव्हलिंग बंद करतो, नाहीतर जॅकवर असतानाच गाडी स्वतःला सावरायला जाते. एकदा पंक्चरवाल्याच्या पोराने ओरडून हात काढून घेतला होता, तेव्हापासून मी बाजूला उभाच राहतो. प्रत्येक फुग्याच्या नळीला टायरसारखा व्हॉल्व्ह बसवून घेतलाय, कॉम्प्रेसर मेला तर पंक्चरवाल्याच्या हवेवर घरी पोचता येईल. फुगाच फाटला तर त्याचा उपयोग नाही.

आणि दर रविवारी सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजतो आणि वहीत लिहितो. शेजारचे काका विचारतात, काय शिवणार आहात गाडीला? गेल्या सहा महिन्यांत आकडे एक-दोन मिलिमीटरच्या आतच होते. काल मागचं उजवं सात मिलिमीटर खाली दिसलं. तो फुगा अजून जुनाच आहे. संध्याकाळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतो, नवीन फुगा डिक्कीत आणून ठेवलेला आहे.