बर्डीवरचं हेल्मेटचं दुकान: घ्यायला गेलो हेल्मेट, बोलत बसलो कायद्यावर

पोरगी यंदा कॉलेजला लागली, स्कुटी तीच नेते, म्हणून शनिवारी तिला घेऊन नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डी बाजारात, हेल्मेट घ्यायला गेलो. मोदी नंबर तीन नावाच्या गल्लीकडे छोटंसं दुकान आहे, चार माणसं उभी राहिली की जागा संपली, पण माल एक नंबर. सगळे आयएसआयवाले. तसं तर १ जून २०२१ पासून बिना आयएसआयचं विकताच येत नाही, तरी रस्त्याच्या कडेला ढीग लागलेलेच असतात. माझा चुलतभाऊ मानेवाड्याकडे पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर असलंच कडेचं होतं, पट्ट्याचं बक्कल आधी सुटलं, हेल्मेट एकीकडे न भाऊ एकीकडे. वाचला तो, पण अजून घरच्यांची नावं विसरतो.

दुकानवाले काका आधी टेप काढतात. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून माप घेतलं, मग हेल्मेट घालून तिला मान ताठ ठेवायला लावली न स्वतः दोन्ही हातांनी हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरवलं. गालाची कातडी सोबत सरकली पाहिजे म्हणे, नुसतं हेल्मेट फिरलं तर साइझ मोठा. तीन साइझ घालून पाहिले तेव्हा बसलं. मी इतकी वर्षं वापरून राहिलो, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या बाजूला एक सरदारजी होते, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा, डोक्यावर पटका (लहान शीख पोरं बांधतात ते कापड) न वर केसांच्या जुड्याची गाठ. त्यांना पोरासाठी पाहिजे होतं. काकांनी दोन घालून पाहिले, गाठीवर अडकून वरच राहिले. काका म्हणाले, "पाजी, मोठा साइझ देऊन देईन, पण तो नुसता ठेवल्यासारखा राहील, पडला तर काही कामाचा नाही. मी नाही विकत." गिऱ्हाईक असं परत पाठवायला हिंमत लागते.

तेवढ्यात मागचा एक पोरगा म्हणाला, "यांना काऊन पाहिजे, यांना तर सूट आहे, चालान आपल्यालेच." मी कोर्टात वकिली करतो, राहवलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, पण पगडी घातलेल्या शीख माणसाला ते कलम लागू नाही. हे काही आपल्याकडचं लाड-प्रकरण नाही, इंग्लंडमध्ये १९७६ ला खास कायदाच झाला, कॅनडातल्या ओंटारिओनं २०१८ मध्ये सूट दिली. जर्मनीच्या सगळ्यात वरच्या प्रशासकीय कोर्टानं मात्र २०१९ ला सरसकट सूट नाकारली, म्हणाले हेल्मेट फक्त घालणाऱ्याला वाचवत नाही, अपघातात सापडलेल्या दुसऱ्यांना न मदतीला धावणाऱ्यांनाही जे भोगावं लागतं ते बघा.

त्या मागच्या पोराचा मुद्दा साफ होता. डोकं फुटताना रस्ता धर्म विचारत नाही, मग कायदा गरजेचा असेल तर सगळ्यांना लावा, नसेल तर सगळ्यांचा काढा. भावाला पाहिल्यावर मलाही पटकन होय म्हणावंसं वाटलं. पण नाही. आपल्याला हेल्मेटचा त्रास म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्रीत घाम, केस चिकटतात, बस. त्यांना पगडी उतरवा म्हणणं म्हणजे गाडी सोड नाहीतर धर्म सोड म्हणणं आहे. एकच नियम, पण ओझं सारखं नाही. आणि धोका मुख्यतः ज्याचा त्याच्या डोक्यावर आहे, मोठा माणूस समजून-उमजून घेतो, म्हणून ही सूट मला मान्य आहे. सूट मागणाऱ्याचा भार शेजाऱ्यावर पडतो तिथे मी नाही म्हणेन. रात्री १० नंतर भोंगा कोणाच्याही देवाचा असो, झोप आजारी माणसाची जाते, मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंच आहे की लाऊडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

बायकांचं मात्र मला अजून पटत नाही. दिल्लीत शीख बायकांना पगडी नसली तरी सूट आहे, २०१८ मध्ये चंदीगडलाही तेच झालं. पगडीसाठी दिलेली सूट पगडी नसलेल्या डोक्याला कशी पुरते? शिखांमधले काही म्हणतात टोपीसारखं काहीच डोक्यावर घालणं धर्मात बसत नाही, ते मी ऐकून घेतो, पण मग त्या बाईला तरी कोणी विचारलं का?

आणि लहान पोराचं काय, तो तर स्वतः ठरवत नाही. सरदारजी शांतपणे म्हणाले, "भाऊ, माझ्यासाठी सूट आहे ती मी घेतो. याच्यासाठी मी हेल्मेट शोधून राहिलो." तोवर मुलगा 'आपली बस'नं, म्हणजे सिटी बसनं, जातो म्हणाले. कॅनडात एका शीख आईनं जुड्याला जागा ठेवून मुलांचं सायकलचं हेल्मेट बनवलंय, ते मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. गाडीसाठी चालणार नाही, पण असं बनू शकते हे बघून काकांचेही डोळे चमकले. त्यांनी वहीत पोराचं माप लिहून ठेवलं, पुढे "जुडा" असं लिहिलं न फोन नंबर घेतला.

आमचं हेल्मेट १,६५० ला पडलं, घासाघीस होत नाही. काच खराब झाली तर वेगळी मिळते. गाडी लावायला जागा नाही, सकाळी ११ च्या आत जा, न पोराला सोबत न्या, माप घेतल्याशिवाय काका देत नाहीत.