नेटहॅकमधली बॅग ऑफ होल्डिंग : सात महिने वापरल्यावर

नेटहॅक हा १९८७ पासून चालत आलेला खेळ. अक्षरांनी काढलेलं तळघर, त्यात अक्षरांचेच राक्षस, आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. मी रोज रात्री जेवणं उरकली की अर्धा तास खेळते. सात महिने एकच वाल्किरी, म्हणजे माझं लढवय्यी बाईचं पात्र, जिवंत ठेवली आहे, त्यामुळे हिच्या बॅग ऑफ होल्डिंगबद्दल, म्हणजे सामान हलकं करणाऱ्या जादूच्या पिशवीबद्दल, बोलायचा मला हक्क आहे असं समजते.

पिशवी सोकोबानच्या, म्हणजे खेळातल्या कोड्यांच्या मजल्यांच्या, माथ्यावर मिळाली. चार मजले धोंडे ढकलून. तिथे बक्षीस म्हणून एक तर ही पिशवी असते, नाही तर हल्ला परतवणारं ताईत. दुकानातून घ्यायची असेल तर जपून, कारण बाहेरून सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. साधी सॅक २ झॉर्कमिडची (हे खेळातलं नाणं), पण हिची मूळ किंमत १००, आणि बॅग ऑफ ट्रिक्स या फसव्या पिशवीचीही तेवढीच. ती फसवी उघडायला गेलात तर पिशवीलाच दात फुटतात आणि ती चावते.

पहिले पाच महिने तक्रार नाही. आत टाकलेल्या सामानाचं वजन निम्मं होतं. पोशन (जादूची औषधं) गोठत नाहीत, स्क्रोल (मंत्राचे कागद) जळत नाहीत. वेदीवर ठेवून बघितली होती, काळा उजेड नाही, पिवळा नाही, म्हणजे ना शाप ना आशीर्वाद. ‘मग ठीक आहे’ म्हणून मी गाफील राहिले.

पुढे खालच्या मजल्यावर एका मंत्रवाल्याशी गाठ पडली. ओळ आली, आपल्याला मदतीची गरज असल्यासारखं वाटतंय. लगेच खाली ‘बर्डन्ड’, म्हणजे ओझं जास्त झालं! हातात नवीन काही घेतलं नव्हतं, तरी पावलं जड. तेव्हाच ओळखायला हवं होतं. शाप लागला की आतलं वजन निम्म्याऐवजी दुप्पट होतं, म्हणजे एका क्षणात चौपट.

वजन परवडलं. खरी बोंब उघडल्यावर. दर वेळी आतली प्रत्येक वस्तू तेरात एक या हिशोबाने गायब होते, आणि वस्तू म्हणजे अख्खा गठ्ठा. नऊ वेळा उघडलीत तर कुठलीही वस्तू उरण्यापेक्षा जाण्याचीच शक्यता जास्त. बरं, चोरी लपूनछपून नाही. काय गेलं ते पिशवी नावानिशी सांगते, बँकेच्या मेसेजसारखं. माझी खोदायची कांडी अशीच गेली. हिरव्या काचेचा बिनकिमतीचा तुकडा मात्र अजून आत आहे. दुकानात उघडू नका, बिल न चुकवलेला माल आत असला आणि गेला तर दुकानदार त्याचेही पैसे मागतो.

उपाय म्हणून रिमूव्ह कर्स हा शाप काढायचा स्क्रोल वाचला. काही झालं नाही. साधा स्क्रोल फक्त अंगावरच्या आणि हातातल्या वस्तूंचा शाप काढतो. पाठीवरच्या सामानासाठी आशीर्वादित लागतो, हे नंतर कळलं. स्क्रोल वाया.

उरलं तीर्थ, शाप धुणारं पवित्र पाणी. दोन बाटल्या होत्या. कुठे? पिशवीत!

दोन दिवस खेळ उघडलाच नाही. तिसऱ्या रात्री चहा घेऊन बसले आणि पिशवी उघडली. एक ओळ, गायब. दुसरी ओळ, गायब. तिसरी, बरे करणाऱ्या पोशनांचा आख्खा गठ्ठा. यादी आली. तीर्थ जागेवर! एका बाटलीत पिशवी बुडवली, मंद पिवळसर उजेड पडला, शाप गेला आणि ‘बर्डन्ड’ निघून गेलं. दुसरी बाटली राखून ठेवायचा मोह झाला होता, पण तीही ओतली आणि निळसर उजेड आला, म्हणजे आशीर्वाद. आता वजन पाव, आणि पुढचा शाप आधी आशीर्वादावर खर्च होईल.

पाच तारे मी देते, तेही शापासकट. फक्त आत दुसरी बॅग ऑफ होल्डिंग किंवा कॅन्सलेशनची (जादू पुसून टाकणारी) कांडी टाकू नका, स्फोट होतो.

परवा वेदीवर चार बाटल्या पाणी ठेवून प्रार्थना केली, त्याचं तीर्थ झालं. नवीन तीर्थ बाहेरच ठेवलंय, वजन वाढलं तरी.